वर्गात रंग-रूपावर बोलताना काय झालं? अनुभव लिहा

मधली_सुट्टी
मी नाशिकला सिडकोतल्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. दरवर्षी कोणीतरी पाहुणे येतात, "स्वतःवर प्रेम करा" म्हणून तासभर बोलतात, मुली टाळ्या वाजवतात आणि हॉलच्या बाहेर पडता पडता एकमेकींना "ए काळे, सरक ना" म्हणतात. पाहुण्यांचं मन चांगलं असतं, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, पण "तुम्ही सगळ्याच सुंदर आहात" हे तेरा वर्षांच्या मुलीला पटत नाही. तिच्या घरी आरसा आहे, आत्या आहे, आणि मामाच्या लग्नात फोटोवाला कोणाकडे वळला नि कोणाकडे नाही हे तिने बघितलेलं असतं. म्हणून हा धागा. शाळा, कॉलेज, क्लास, आश्रमशाळा, घर, कुठेही मुलांबरोबर या विषयावर नक्की काय केलं ते लिहा. सुविचार नकोत प्लीज.

माझ्यापासून सुरुवात करते. क्रीमच्या जाहिरातींमधले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो प्रोजेक्टरवर लावले आणि एवढंच विचारलं की रंग सोडून अजून काय बदललंय? आधी सगळ्या गप्प. मग एकीला दिसलं की 'आधी'मधली बाई हसत नाहीये, आणि मग जे सुरू झालं, केस विंचरलेले नाहीत, लाईट वरून पडलाय म्हणून डोळ्याखाली काळं दिसतंय, कानातलं नाही, कपडे मळखाऊ. म्हटलं ठीक, आता तुम्ही करून आणा, एकाच मुलीचे दोन फोटो, तोंडाला काहीही लावायचं नाही. माझा मोबाईल दिला (त्यांना शाळेत आणू देत नाहीत) आणि दोघी-तिघींना बाहेर सोडलं. जिन्याखालचा अंधार आणि गच्चीवरचं सकाळचं ऊन एवढ्यावर त्यांनी असा फरक पाडला की आमच्या एका मॅडमनी खरंच विचारलं, कुठलं क्रीम गं? आता त्या वर्गात कुठलीही जाहिरात निघाली की "जिन्याखाली काढलाय" म्हणतात.

फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली आणि २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं हे पण त्यांना सांगितलं. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, मग ट्यूबच्या आतलं पण बदललं का? तो प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर तसाच राहू दिला.

गोदाकाठचा_चित्रकार
छान धागा. मी चित्रकला शिकवतो, गंगापूर रोडला. पाचवीच्या पोरांना माणूस काढायला सांगितला की एक हमखास ऐकू येतं, "अरे तो अंगाचा रंग दे ना", आणि खडूंच्या खोक्यातला तो गुलाबीसर खडू वर्गभर फिरतो. ज्या हातांतून फिरतो त्यातला एकही हात त्या रंगाचा नसतो! अमेरिकेत क्रेयोला कंपनीने अशा खडूचं 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं, आपल्याकडे पोरांच्या तोंडात अजून तेच.

मी खडू बंद केले आणि जलरंग दिले. तांबडा, पिवळा, निळा, पांढरा. आपल्या मनगटाशेजारी कागद धरायचा आणि रंग जुळेपर्यंत मिसळत बसायचं. दोन तास गेले, निम्म्यांचं जुळलं नाही, फरशी खराब झाली आणि शिपाईमामा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण पोरांना कळलं की सगळ्यांना चारही रंग लागतात, फक्त प्रमाण वेगळं, आणि गोरा म्हणून मिरवणाऱ्याला पण निळ्याचा थेंब टाकल्याशिवाय जुळेना तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मी त्यावर एक वाक्य बोललो नाही. विज्ञानाच्या सरांनी मात्र दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन मेलॅनिन शिकवलं. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच असतात, त्या किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात त्यावर रंग ठरतो, आणि हे मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवतं, वगैरे.

शंकासूर_नाशिकरोड
सगळं ठीक आहे हो पण मुलगी घरी गेली की आजी डाळीचं पीठ आणि साय घेऊन बसलेलीच असते. लग्नाच्या बायोडाटात 'वर्ण' असा रकाना आजही असतो. शाळेने काय काय करायचं?

मधली_सुट्टी
शंकासूर, रकाने पण जातात. शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर २०२० मध्ये काढला तो लोकांनी ऑनलाईन याचिका केली म्हणूनच. पण आजीचा मुद्दा मान्य. आजीला कसं सांगायचं यावर कोणाकडे काही असेल तर लिहा.

पायवाट
मी त्र्यंबक तालुक्यात आश्रमशाळेवर आहे, हरसूलच्या बाजूला. इथे प्रश्न थोडा वेगळा येतो. मुली बाजाराच्या दिवशी क्रीमच्या छोट्या पुड्या आणतात, ते एक. दुसरं म्हणजे आपल्या घरच्या बाया शाळेत आल्या की लाजतात, कारण आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, हातभर गोंदलेलं असतं. एकीने तर पालक भेटीला आजीला गेटवरच थांबवलं.

मी काही समजावलं नाही. सुट्टीचा गृहपाठ म्हणून दिलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं गोंदण वहीत काढून आणायचं आणि प्रत्येक खुणेचं काय सांगतात ते लिहायचं. वह्या भरून आल्या हो. विंचू, तुळस, बाशिंग, नावं, कुठे नुसते ठिपके. जवळजवळ सगळ्या आज्यांनी एक गोष्ट सांगितलेली, की मेल्यावर दागिने काढून घेतात, बरोबर येतं ते एवढंच. मग मी कॉलेज रोडच्या टॅटूच्या दुकानांचे दर दाखवले मोबाईलवर. वर्गात असा काही हशा झाला, एक जण म्हणे माझी आजी तर लाखाची आहे.

कविता राऊत आमच्याच भागातली, सावरपाड्याची. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिचा फोटो आमच्या भिंतीवर आहे आणि मला आवडतं की तो धावतानाचा आहे, घामेजलेला, तोंड उघडं, फोटोसाठी तयार होऊन काढलेला नाही. मुली त्या फोटोकडे बघून पायांबद्दल बोलतात, किती लांब टाकते वगैरे. रंगाचा विषयच निघत नाही.

औषधी_गोळी
फार्मसी कॉलेजात शिकवते. धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे मनाचं बोलताय, मी चेहऱ्याचं बोलते. आमच्याकडे पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींपैकी काही जणी "मैत्रिणीला सूट झालं" म्हणून जी ट्यूब लावत असतात ती गोरं करणारी क्रीम नसतेच, ते स्टेरॉईड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काहीतरी, कधी हायड्रोक्विनोन या रंग उतरवणाऱ्या औषधाबरोबर. डॉक्टरांनी ठराविक आजाराला ठराविक दिवस दिलेलं औषध आहे ते. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो म्हणून सगळे खूश, मग कातडी पातळ होते, लाली, बारीक शिरा दिसायला लागतात, पुरळ, तोंडावर लव. आणि थांबवलं की जास्तच भडकतं म्हणून पोरगी परत लावते. २०१८ मध्ये सरकारने अशी कितीतरी स्टेरॉईड मलमं अनुसूची एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मिळतात, हे तुम्हालाही माहितीये.

मी वर्गात सौंदर्यावर अवाक्षर काढत नाही. आपापल्या घरातली ट्यूब आणा आणि मागचं बारीक अक्षरातलं वाचा, एवढंच प्रॅक्टिकल. एका मुलाने वहिनीची आणली होती, वाचता वाचता गप्प झाला आणि मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन घरी फोन लावला. शाळांमध्ये पण करता येईल हे, नववी-दहावीला नक्की. कोणी आधीच लावत असेल तर एकदम बंद करायला सांगू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा.

पीटीचे_सर
मुलींवरच चाललंय सगळं. मुलांचं बघा जरा. माझ्याकडे अकरावीची पोरं येतात, दिंडोरी-पिंपळगावकडची बरीच. कोणाला उंची वाढवायची पावडर पाहिजे, कोणाला दाढी येत नाही म्हणून तेल, जिममध्ये गेला की महिन्यात सिक्स पॅक. नाही झालं की सांगणार कोणाला, मुलगा ना तो. पुरुषांची गोरं व्हायची क्रीम पण २००५ पासून आहे बाजारात.

एकदा ग्राउंडवर बसून इन्स्टावरचे बॉडीवाले बघत होतो सगळे मिळून, कोणाचा लाईट, कोणी शूटच्या आधी पाणी पिणं तोडलंय, कोणी काय घेतलंय याची चर्चा. तर एक बागायतदाराचा पोरगा म्हणाला, सर हे एक्सपोर्टच्या द्राक्षांसारखं झालं, मण्याची साईज रिंगने मोजायची, बसला नाही की लोकलला टाकायचा, आणि आम्ही घरी खातो तो लोकलचाच. यावर मी काय बोलणार, सोडला त्यांना पळायला.

काळारामाच्या_दारात
पंचवटीत राहतो, संस्कृत शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांना घरापासून चालत काळाराम आणि गोरेराम दोन्ही मंदिरं आहेत. काळारामाची मूर्ती काळ्या पाषाणाची. त्याच देवळात शिरायला मिळावं म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला हेही मुलांना माहीत असतं. तेव्हा "देव काळा चालतो, सून नाही" हा विषय वर्गात मी न काढताही निघतो.

मी शूर्पणखेचा प्रसंग शिकवतो. तपोवनात सगळ्यांच्या सहली झालेल्या असतात, नाक कापल्याची जागा म्हणून दाखवतात ती बघितलेली असते. वाल्मीकींनी अरण्यकांडात राम आणि शूर्पणखा जोडीजोडीने उभे केलेत: तो सुमुख ती दुर्मुखी, त्याची कंबर बेताची तिचं पोट मोठं, त्याचे डोळे विशाल तिचे विद्रूप, त्याचे केस सुंदर तिचे तांब्याच्या रंगाचे. मी फळ्यावर दोन रकाने करून मुलांकडून भरून घेतो. आणि तांबूस केसांपाशी आलं की दरवर्षी कोणीतरी मुलगी ओरडते, सर माझ्या ताईने पार्लरमध्ये पैसे देऊन केलेत! मग वर्ग माझ्या हातात राहत नाही. कुरूप म्हणून राक्षसी का राक्षसी म्हणून कुरूप? आणि राम स्वतः सावळा, मग त्या यादीत रंग का नाही? एका पालकांनी विचारलं की पुराणावर असले प्रश्न कशाला. मी म्हटलं, शब्द आणि अर्थ तोंडपाठ झालेत, परीक्षेत पूर्ण गुण आहेत. ते तिथेच थांबलं.

दोन_वेण्या
मी शिक्षक नाही, आई आहे. दहावीच्या फॉर्मसाठी मुलीचा पासपोर्ट फोटो काढायला गेलो. स्टुडिओवाल्याने न विचारता तिला तीन छटा गोरी केली, गालावरचा तीळ पण पुसला. मी म्हटलं मूळचा द्या, तर म्हणतो ताई सगळे असाच घेतात, नाही केलं तर परत पाठवतात. मुलगी म्हणाली राहू दे ना आई, मस्त आलाय. मी जरा अडले तिथे. मग वादावादी न करता तिला विचारलं, परीक्षेला हॉल तिकीट बघून बाईंनी तुला ओळखलं नाही तर? तिने स्वतःच त्याला सांगितलं, काका तीळ परत टाका. रंग तसाच राहिला, तीळ आला. निम्मं तर निम्मं.

शंकासूर_नाशिकरोड
हे आवडलं. तीळ परत टाका 😀

ऑफ_तास
सगळे मुलांना शिकवतायत. माझं एकच म्हणणं, आधी स्टाफरूम. "अगं किती सुटलीस", "उन्हात फिरते का पोरगी" हे कोण बोलतं? आरोग्य तपासणीची टीम आली की वजन मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दुसऱ्याने वहीत लिहायचं ही पद्धत आमच्याकडे होती. मी फक्त काटा पडद्याच्या मागे नेला आणि मोजणारीनेच लिहायचं ठरवलं. कोणाची परवानगी लागली नाही, खर्च शून्य. त्या दिवशी गैरहजर राहणाऱ्या जाडसर मुली पुढच्या वेळी हजर होत्या.

मधली_सुट्टी
ऑफ_तास, काट्याचं उद्याच करते. आणि आता गॅदरिंग तोंडावर आलंय. दरवर्षी डान्सच्या पहिल्या रांगेत त्याच त्या उजळ, बारीक मुली. कोणी बदललंय का हे?

घुंगरू_पंचवटी
आम्ही बदललंय. रांगा प्रत्येक कडव्याला फिरतात, मागची पुढे येते, पुढची मागे जाते. बसवायला त्रास होतो, दोन गाण्यांना जमलंच नाही, तिथे चिठ्ठ्या टाकल्या. मुलींनी दोन दिवसांत स्वीकारलं, पालकांनी नाही. "आमची पुढे होती, मागे का घेतली" म्हणून रात्री साडेदहाला फोन. यंदा सूचनेच्या कागदावर माझा नंबर टाकलाच नाही, मुख्याध्यापकांचा टाकलाय.