मोठी लेन्स नसताना टिपलेले पक्षी: तुमचे अनुभव

साधा झूम कॅमेरा, कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स, नाहीतर नुसता मोबाईल घेऊन पक्षी टिपणारे आपल्यात खूप आहेत. तुमच्याकडे काय आहे आणि त्यातून पक्षी कसा मिळाला, ते लिहा. सुरुवात मी करते.

माझी लेन्स ५५-२५० मिमीची, म्हणजे मध्यम झूमची. वेडा राघू लहान, त्यात चंचल. उडताना फोकस लागतच नाही. पण तो कीटक पकडून बहुधा त्याच काटकीवर परततो, भक्ष्य आपटतो आणि मग गिळतो. म्हणून मी काटकीवरच फोकस लावते, तो मॅन्युअल करून टाकते, म्हणजे कॅमेरा स्वतःहून बदलत नाही, आणि उन्हाकडे पाठ करून बसते. चोचीत चतुर धरलेला राघू असाच मिळाला. मोठ्या लेन्सची हौस मलाही आहे, पण या पक्ष्यासाठी तिच्यावाचून अडत नाही.

नाशिक
नांदूर मध्यमेश्वरला ८×४२च्या दुर्बिणीला मोबाईल लावून फोटो काढतो. दुर्बीण कठड्यावर टेकवायची, मोबाईल टायमरवर ठेवायचा. कडा काळ्या येतात, रंग फिकट. तरी जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या स्पष्ट ओळखू येतात आणि नोंदीला तेवढं पुरतं.

पुणे
माझा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स न बदलता येणारा, भरपूर झूमचा. भिगवणला ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे रोहित (फ्लेमिंगो) विरघळल्यासारखे दिसतात. झूम कितीही असो. याचा सेन्सर लहान, त्यामुळे पहाटेचा अंधारही मानवत नाही, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला की फोटोत दाणे येतात. उरतो सूर्य वर आल्यानंतरचा थोडा वेळ. त्यातही पांढऱ्या पिसांसाठी एक्सपोजर जरा उणे, म्हणजे फोटो थोडा गडद ठेवा, नाहीतर पिसांचे तपशील जातात. आणि कृपा करून नावाडीदादांना होडी थव्यात घालायला सांगू नका. पक्षी उठवून मिळवलेला फोटो मला नको वाटतो.

ठाणे
गॅलरीत पाण्याचं पसरट भांडं आहे. मोबाईल कुंडीला टेकवून व्हिडिओ चालू करते आणि आत जाते. बुलबुल येतात, मनसोक्त आंघोळ करतात. नंतर हवी ती फ्रेम काढून घेते. फोर-के व्हिडिओतली एक फ्रेम आठ मेगापिक्सेलची असते, छोट्या प्रिंटला छान.

सातारा
पावसाळ्यात विहिरीवरच्या सुगरणी बघा! नर घरटं विणताना बराच वेळ एकाच जागी लटकलेला असतो, जुन्या कॅमेऱ्याच्या संथ ऑटोफोकसलाही सापडतो. बांधावर लांब बसा, घरट्याखाली जाऊ नका.