तीन समांतर झोत: कडेचे आत का वाकतात, आणि तापमान स्थिर दिसलं म्हणजे मिश्रण झालं का?

जलरेषा: पाण्याच्या टाकीत १० मिमी व्यासाची तीन गोल नोझल एका ओळीत आहेत, केंद्रांतर ३० मिमी, तोंडाशी वेग १ मी/से. मधलं पाणी ४५ अंश, कडेचं २५. रंग सोडला की कडेचे झोत आत वाकतात, डावा जरा जास्तच. ३०० मिमीवर ३ मिमी आवरणाचं थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा संवेदक) जवळजवळ स्थिर आकडा दाखवतं. तिथे मिश्रण पूर्ण झालं असं धरू का?

भोवरा: वाकणं हा जोडणीतला दोष नाही. प्रत्येक झोत आजूबाजूचं पाणी ओढतो. मधल्या फटीतलं पाणी दोन्हीकडून ओढलं जातं, भरपाई पुरेशी होत नाही, दाब उतरतो आणि बाहेरचा दाब झोताला आत ढकलतो. गोल नोझलना वरून-खालून पाणी मिळतं म्हणून खेच बेताची. लांब फटींसारखी नोझल आणि मागे सपाट भिंत असती, तर मधे उलट्या प्रवाहाचा भोवराच बसला असता.

झोताची कड दर १०० मिमीला साधारण २० मिमी फाकते, म्हणजे शेजारच्या नोझलच्या कडांमधल्या २० मिमी फटीचं अर्धं, १० मिमी अंतर ५० मिमीत संपून कडा भिडतात. पण भिडले म्हणजे एकजीव झाले असं नाही. एकट्या झोताचा मध्यवेग अंदाजे ६ × व्यास ÷ अंतर, ३०० मिमीवर ०.२ मी/से. तिन्ही पूर्ण एक झाले तर संवेग तिप्पट, वेग √३ पट, ०.३५. तुमचा मोजलेला वेग या दोहोंत कुठे पडतो ते बघा.

नळजोड: डावा जास्त वाकतो तर आधी प्रवाह तपासा. टाकी रिकामी करून तिन्ही नोझल एकदम चालू ठेवा आणि वेगळ्या बादल्यांत ३० सेकंद पाणी धरा. प्रत्येकीत २.३६ लिटर हवं. एकेक बंद करून मोजलंत तर हेडरचा (तिन्ही नोझलना पाणी देणाऱ्या मुख्य नळीचा) दाब बदलतो, आकडे फुकट. प्रवाहात ५ टक्के फरक म्हणजे संवेगात १० टक्के, आणि कमजोर झोतच जास्त वाकतो. प्रवाह सारखे निघाले तर नोझलमागचा एल्बो (नळीचा काटकोनी वळणाचा जोड) बघा, त्याने पाणी फिरत बाहेर पडतं. निदान २०० मिमी सरळ नळी द्या. उजवी भिंत जवळ असेल तर उजवा झोत तिकडे ओढला जातो, मग डावाच वाकडा वाटतो.

तापमापी: स्थिर आकड्यावर विसंबू नका. थर्मोकपलचा कालस्थिरांक (बदल टिपायला त्याला लागणारा वेळ) ०.५ सेकंद असेल तर ५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा होणारा चढउतार जेमतेम सोळाव्या हिश्शाने दिसतो. बर्फाच्या पाण्यातून काढून वाहत्या कोमट पाण्यात बुडवा. ६३ टक्के फरक भरायला लागलेला वेळ हाच कालस्थिरांक. ०.५ मिमी आवरणाचं घ्या, सेकंदाला १०० नोंदी, किमान एक मिनिट, आणि सरासरीसोबत प्रमाण विचलनही (नोंदी सरासरीभोवती किती हलतात ते) काढा.

दुसरी गोम: तिन्ही एक झाले असं धरलं तर ३०० मिमीपर्यंत झोतांनी स्वतःच्या साडेचारपट टाकीतलं पाणी ओढलेलं असतं. तेव्हा ३१.७ अंशांची (४५, २५, २५ ची सरासरी) वाट पाहू नका, टाकीचं तापमान वेगळं मोजा. तुमचा आकडा त्याच्याच आसपास असेल तर झोत एकमेकांत किती मिसळले हे त्यावरून कळतच नाही.

जलरेषा: टाकीचं तापमान नोंदलंच नव्हतं. दोन्ही चाचण्या करून आकडे इथेच टाकतो.