मदत हवी आहे: डेटा फुटल्यावर कंपनी देतेय ते मोफत क्रेडिट मॉनिटरिंग घ्यावं का?

पाथर्डीफाटा
लवकर सांगा, वेळ कमी आहे. कंपनीचा मेल आलाय की ग्राहकांचा डेटा बाहेर गेला, दिलगीर आहोत, आणि त्याबद्दल १२ महिने क्रेडिट मॉनिटरिंग (आपल्या नावावर कुणी कर्ज मागितलं किंवा काढलं तर कळवणारी सेवा) मोफत देतोय. कोड दिला आहे, रविवारपर्यंत चालू करायचा आहे. ज्यांना एकदा डेटा सांभाळता आला नाही त्यांच्याच सांगण्यावरून परत पॅन आणि जन्मतारीख भरायची का? वडिलांनाही तोच मेल आलाय. नेटवर शोधलं तर सगळं अमेरिकेचं सापडतं. घ्यायचं की नाही एवढंच सांगा.

हिशेबनीस
एवढ्यावर हो-नाही सांगता येणार नाही. आधी हे लिहा. नक्की काय बाहेर गेलं? नुसता मोबाइल-ईमेल, की पॅन, आधारची प्रत, कॅन्सल चेक, फोटो हेही? मॉनिटरिंग कोण करणार? आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या क्रेडिट माहिती कंपन्या (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारे ब्युरो) चारच आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यापैकी कुणी, की मधलं एखादं ॲप? आणि नोंदणी करताना काय काय मागतात?

गोदाकाठ
काही घेऊ नका. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे) आजच लॉक करा, काम झालं. आधारच्या ॲपवर किंवा आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या साइटवर दोन मिनिटांत होतं. मॉनिटरिंग म्हणजे चोरी झाल्यावर कळवणारा माणूस. कुलूप लावा, निरोप्या कशाला हवा?

सातासमुद्रा
तिन्ही ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करून टाका. सप्टेंबर २०१८ पासून मोफत आहे. फ्रीझ असताना नवीन कर्जदात्याला रिपोर्टच उघडता येत नाही, मग कर्ज मिळणारच नाही. इक्विफॅक्समधून २०१७ मध्ये जवळपास १४.७ कोटी लोकांचा डेटा गेला, तेव्हाही जाणकार हेच सांगत होते की मॉनिटरिंग दुय्यम, फ्रीझ आधी. त्या वेळच्या मोफत सेवेच्या अटींमध्ये लवादाचं कलम होतं, म्हणजे सेवा घेतली की कोर्टात जाण्याचा हक्क सुटतो अशी भीती. ओरड झाल्यावर कंपनीने ते काढलं.

हिशेबनीस
@सातासमुद्रा, तीन ब्युरो आणि फ्रीझ हे अमेरिकेचं झालं. तिथे तो कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यात ग्राहकाला तसा हक्क नाही. धागाकर्ते नाशिकचे आहेत. अटी वाचण्याचा मुद्दा मात्र इथेही लागू आहे. "ही सेवा स्वीकारल्यास पुढील दावा करणार नाही" असं काही लिहिलं असेल तर घेऊ नका.

@गोदाकाठ, बायोमेट्रिक लॉक कराच, पण त्याने सगळं थांबत नाही. बोटाच्या ठशावर होणारे आधारचे व्यवहार थांबतात, एईपीएसवाले (आधार आणि ठशावर बँक खात्यातून पैसे काढणं). ॲपवरचं झटपट कर्ज मात्र पॅन, ओटीपी आणि सेल्फीवर निघतं. तिथे ठसा लागतच नाही.

गोदाकाठ
आणि मॉनिटरिंगने ते थांबतं? कर्ज मिनिटात खात्यात पडतं, तुमचा अलर्ट नंतर येतो.

हिशेबनीस
थांबत नाही, बरोबर. पण कधी कळतं हे महत्त्वाचं आहे. कर्जदात्याने रिपोर्ट उघडला की 'एन्क्वायरी'ची नोंद त्याच वेळी पडते. कर्जाचं खातं रिपोर्टमध्ये दिसायला वेळ लागतो, कारण बँका आणि वित्त कंपन्या माहिती ठरावीक दिवसांनी पाठवतात. १ जानेवारी २०२५ ला पंधरवड्याचा नियम आला, आधी महिन्याचा होता. म्हणून एन्क्वायरीचा अलर्ट हीच मॉनिटरिंगमधली खरी कामाची गोष्ट.

आता यातली मेख. कर्जदाता बहुतेक वेळा एकाच ब्युरोकडून रिपोर्ट मागवतो, त्यामुळे एन्क्वायरी त्या एकाच ठिकाणी नोंदली जाते. खातं मात्र चारही ठिकाणी पोचतं, कारण सगळ्या कर्जसंस्थांनी चारही कंपन्यांचं सभासद व्हायचं हे रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. तुम्हाला मिळणारं मॉनिटरिंग एकाच ब्युरोचं असेल, तर उरलेल्या तिघांकडची एन्क्वायरी त्याला दिसणार नाही. "अलर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक" असं धरून बसलात तर ती सेवा घेणं न घेण्यापेक्षा वाईट.

निफाडकर
विषय निघालाच आहे तर विचारतो. पीककर्जाला बँक सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) मागते, ते बरोबर आहे का? द्राक्षबागेचं जुनं थकीत होतं, ते भरलं, तरी स्कोअर वर येत नाही.

स्कोअर७५०
स्कोअर वाढवायचा सोपा नियम: क्रेडिट कार्डाच्या मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवा, जुनं कार्ड बंद करू नका, महिन्यात चार ठिकाणी अर्ज करू नका. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर गेला की कर्ज सहज मिळतं. फुकट मिळतंय तर मॉनिटरिंग घ्या, दर महिन्याला स्कोअर बघता येईल. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

हिशेबनीस
@निफाडकर, पीककर्जाला सिबिलची सक्ती करू नका असं राज्य सरकारने बँकांना वेळोवेळी सांगितलं आहे. तुमच्या खात्याची नोंद 'क्लोज्ड' आहे की 'सेटल्ड' तेवढं रिपोर्टमध्ये बघा. तडजोडीने भरलं असेल तर 'सेटल्ड' पडतं आणि त्याने स्कोअर दबून राहतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गुंता होईल.

@पाथर्डीफाटा, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

पाथर्डीफाटा
कामात होतो. पॅन, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल आणि केवायसीची कागदपत्रं असं मेलमध्ये लिहिलंय. आधारची झेरॉक्स दिली होती, म्हणजे तीही गेली असणार. कंपनी वित्तक्षेत्रातली आहे, नाव लिहीत नाही. मॉनिटरिंग चारपैकी एका ब्युरोचं आहे. नोंदणीला पॅन, जन्मतारीख, मोबाइल, ओटीपी आणि व्हेरिफिकेशनसाठी १ रुपया यूपीआयने. माझं एक गृहकर्ज चालू आहे. वडील निवृत्त आहेत, त्यांचं कधीच कर्ज नव्हतं, फक्त एका पतसंस्थेत जामीनदार आहेत.

हिशेबनीस
१ रुपयावर थांबा. काही भरू नका. मोफत सेवेला यूपीआय लागत नाही. हा १ रुपया बहुतेक ऑटोपेची, म्हणजे पुढे आपोआप पैसे कापण्याची मंजुरी असते. पडद्यावर 'मँडेट' किंवा 'ऑटोपे' आणि खाली कमाल रक्कम दिसते का ते बघा. दर वेळी पिन न विचारता १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम अशा मंजुरीवर कापली जाऊ शकते. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, पण ती शंभर मेसेजमध्ये हरवते. कुणी मंजुरी देऊन बसलं असेल तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे भागात जाऊन ती रद्द करता येते.

हा १ रुपया मेलच्या लिंकवर मागितला की आणखी कुठे?

पाथर्डीफाटा
मेलनंतर एसएमएसही आला होता, "तुमचं संरक्षण सुरू करा" म्हणून. लिंक त्यातलीच उघडली होती. पैसे अजून भरलेले नाहीत.

सिडको_जुने
एसएमएस कुठून आला? दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून असेल तर तो कंपनीचा नाही. कंपन्यांचे मेसेज अक्षरी हेडरवरून (नंबरच्या जागी दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) येतात आणि हेडरच्या शेवटी एस, टी, पी किंवा जी असतं. डेटा फुटल्याची बातमी बाहेर आली की त्याच यादीवर खोटे मेसेज सोडणारे लगेच उभे राहतात. नाव, पॅनचे शेवटचे आकडे सगळं बरोबर असतं, कारण तीच माहिती त्यांच्या हातात आलेली असते. "माझं नाव बरोबर लिहिलंय" ही खरेपणाची खूण आता राहिली नाही.

मेल खरा आहे का ते मेलमधून तपासू नका. कंपनीचं ॲप आधीपासून फोनवर असेल तर त्यातली सूचना बघा, नाहीतर जुन्या कागदपत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करा. गूगलवर कस्टमर केअर शोधू नका, पहिला नंबर जाहिरातीचा असू शकतो.

पाथर्डीफाटा
एसएमएस साध्या नंबरवरूनच आहे. कंपनीच्या ॲपमध्ये मेलवाली सूचना आहे, कोड तोच आहे, आणि तिथून गेलं तर १ रुपया कुठेच मागत नाहीत. म्हणजे मेल खरा, एसएमएस खोटा. आता तरी सांगा, घेऊ?

हिशेबनीस
ॲपमधून गेलात तर घ्या. तुमचा पॅन आणि जन्मतारीख त्या ब्युरोकडे गृहकर्जामुळे आधीच आहे, नवीन काही देत नाही. फक्त संमतीचे चौकोन एकेक वाचा. रिपोर्ट दाखवण्याची संमती वेगळी आणि "भागीदार संस्थांकडून कर्जाच्या ऑफर" ही वेगळी. दुसरी काढून टाका. आधार क्रमांकावरचा ओटीपी, कार्डाचा नंबर, यूपीआय पिन, स्क्रीन दाखवणारं ॲप यातलं काहीही मागितलं तर बाहेर पडा.

पण खरं काम ते नाही. चारही कंपन्यांकडून कॅलेंडर वर्षात प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पत्ता स्वतः टाइप करून चारही साइटवर जा. मध्ये वर्गणीच्या योजनांचं पान येतं. तिथे पैसे न भरता पुढे जाण्याचा दुवा बारीक अक्षरात असतो, तो शोधा. एरवी मी तीन-तीन महिन्यांनी एकेक काढा म्हणतो. केवायसीची कागदपत्रं बाहेर गेल्यावर मात्र चारही आत्ताच काढा.

स्कोअर बघू नका, शेवटचा एन्क्वायरीचा भाग बघा: कोणी, कोणत्या तारखेला, किती रकमेसाठी. मग पत्ते आणि फोन नंबर. अनोळखी नंबर दिसला तर तो गंभीर मामला आहे. कुणी तुमचा रिपोर्ट उघडला की ब्युरोने तुम्हाला एसएमएस किंवा मेल करायचा असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे, पण तो जातो ब्युरोच्या नोंदीतल्या नंबरवर. तिथे चोराचा नंबर चिकटला असेल तर अलर्ट त्यालाच. हे नंबर कर्जसंस्थांकडून येतात, म्हणून गृहकर्जाच्या बँकेत तुमचा चालू मोबाइल आणि ईमेल आहे का तेही तपासा.

वडिलांचं वेगळं आहे. कधी कर्जच नसेल तर ब्युरोकडे त्यांची फाइल नसते, म्हणजे मॉनिटरिंगला बघायलाच काही नाही. पतसंस्थेचं कर्ज आणि जामीनकी सहसा ब्युरोत दिसत नाही. ती पतसंस्थेतच विचारावी लागेल.

सिडको_जुने
क्रेडिट रिपोर्टमध्ये न येणारं बरंच असतं, ते राहिलं. आधारच्या झेरॉक्सवर सिम काढतात आणि पुढचे ओटीपी तिथे घेतात, म्हणून संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते बघा. अनोळखी असेल तर तिथेच "माझा नंबर नाही" म्हणून कळवता येतं. पॅनवर बनावट जीएसटी नोंदणी होते. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता पॅन टाकून शोधता येतं. आयकर पोर्टलवरचं एआयएसही (पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांचं वार्षिक विवरण) बघा. तुमच्या पॅनवर दुसऱ्याने बचत खातं उघडलं असेल तर त्याचं व्याज तिथे उमटू शकतं, आणि असं खातं क्रेडिट रिपोर्टमध्ये कधीच दिसणार नाही.

पाथर्डीफाटा
चारही रिपोर्ट काढले. तिघांत फक्त गृहकर्ज. क्रिफच्या रिपोर्टमध्ये मागच्या आठवड्यातली एक एन्क्वायरी आहे, वैयक्तिक कर्ज, ४०,००० रुपये, वित्त कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. कर्जाचं खातं मात्र दिसत नाही. मोफत मॉनिटरिंग दुसऱ्या ब्युरोचं, त्यामुळे त्यात काहीच आलं नाही. आता?

हिशेबनीस
आधी खात्री करा. हप्त्यावर फोन घेताना किंवा एखाद्या ॲपवर "तुमची पात्रता बघा" दाबल्यावर त्यामागे कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीच्या नावाने एन्क्वायरी पडते, आणि ते नाव आपल्याला माहीत नसतं. घरात कुणी तसं केलं नसेल तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजच मेल करा: हा अर्ज मी केलेला नाही, मंजूर करू नका, मंजूर केला असेल तर अर्जातला मोबाइल नंबर, जोडलेली कागदपत्रं आणि पैसे गेलेला खाते क्रमांक जपून ठेवा. पोलिसांना नंतर हेच लागतं. त्याच दिवशी क्रिफकडे ऑनलाइन डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका, शुल्क नाही. तक्रार क्रमांक आणि तारीख ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर जाता येतं. पंधरवडा उलटला की खातं उमटलं का ते परत बघा. ते चारपैकी कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसेल, म्हणून या वेळी तुमचं मोफत मॉनिटरिंगही उपयोगी पडेल.

गोदाकाठ
सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवाच. पैसे गेले असते तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पाथर्डी फाटा शहर आयुक्तालयात येतं, त्यामुळे नाशिक शहर सायबर पोलीस ठाणं. ओझर, सिन्नर, निफाडवाल्यांना ग्रामीण पोलिसांचं. आणि आधार लॉक करा हे मी अजूनही म्हणतो.

पाथर्डीफाटा
मेल पाठवला, डिस्प्यूट टाकला. वडिलांचं आधार लॉक केलं तर रेशनच्या दुकानातला अंगठा चालेल का?

गोदाकाठ
लॉक असताना चालणार नाही. दुकानात उभं राहून ॲपमधून तात्पुरतं अनलॉक करायचं. १० मिनिटं उघडं राहतं, मग आपोआप परत लॉक होतं. वडिलांचा मोबाइल आधारला जोडलेला आहे ना ते आधी बघा, नाहीतर ओटीपी येणार नाही.