साभार परत

ताई, तीन दिवाळी अंकांकडून कथा ‘साभार परत’ आली, आता लिहिणंच सोडावंसं वाटतं, असं तुम्ही म्हणालात. फार आतून कळलं मला ते. माझी पहिली कथा परत आली तेव्हा ते पाकीट मी आठवडाभर डाळींच्या डब्यांमागे लपवून ठेवलं होतं.

इथे इंदूरला १९१७ आणि २००१ साली साहित्य संमेलनं झाली, पण आज आजूबाजूला मराठीत लिहिणारी माणसं मोजकीच. म्हणून आम्ही चौघीजणी महिन्यातून एकदा जमतो आणि परत आलेली कथाच मोठ्यानं वाचतो. माझी कथा वाचताना दुसऱ्याच पानावर मैत्रिणीनं थांबवलं. म्हणाली, “अगं, या सासूबाई पुण्याच्या बोलतायत, आपल्या रामबागेतल्या नाहीत.” खरंच होतं. संपादकांना खटकू नये म्हणून आमची हिंदी मिसळलेली बोली मी ओळीओळीतून पुसून टाकली होती! त्या रात्री सगळे संवाद नव्यानं लिहिले. नकारापेक्षा ते पुसणं मला जास्त लागलं.

तुमची कथा पाठवाल का? येत्या शनिवारी आम्ही बसतोय, तुमचीच आधी वाचू.