लांबच्यानं फोनवरून निर्णय देऊ नयेत, पटतंय का?

औसेकर
बापू ७८ चे, गाव औसा तालुक्यात, मी पुण्यात, मधे साडेतीनशे किलोमीटर. बापूंजवळ दादा-वहिनी असतात. सोयाबीनच्या काढणीत एकदा व्हिडिओ कॉलवर बापूंचा हात थरथरायलेला दिसला अन मी लगेच दादाला, आजच्या आज लातूरला ने, एमआरआय करून घे. दादा म्हणला मळणीयंत्र आजच आलंय, आभाळ भरून आलंय, आज गेलं तर आठ दिवस परत येत नाय. मी म्हणलं बाप महत्त्वाचा का सोयाबीन. झालं, दहा दिवस बोलणं बंद. नंतर त्यानंच नेलं, डॉक्टरनी सगळ्या गोळ्या ओतून बघितल्या, दम्याच्या औषधानं हात थरथरायलाय म्हणले, डोस कमी केला, थरथर गेली. एमआरआय बिमआरआय काही नाही.

तेव्हापासून माझं मत बनलंय की जो जवळ आहे त्यानंच ठरवायचं. लांबच्यानं लांबून होणारी कामं उचलावीत. मी आता तेच करायलोय. बापूंना कारखान्याची पीएफची पेन्शन आहे, तिचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो (पहिल्या तीन वेळी निघाला नाही, बापू टोपी काढायला तयारच नव्हते). ७० च्या वरच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखाचं कार्ड मिळतंय ऑक्टोबर २०२४ पासून, ओटीपी पुतण्याकडून घेऊन तेही काढलं. रिपोर्ट अन गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेनं लावून ठेवल्या. पण "असं करा तसं करा" बंद. बोला.

परभणीची लेक
नाही पटत. जवळच्याला रोज दिसतं म्हणूनच दिसत नाही.

माझे वडील, मे महिना, परभणीचं ऊन तुम्हाला सांगायला नको. भाऊ फोनवर म्हणायचा आता वय झालं, विसरायलेत. मी नाशिकहून दोन महिन्यांनी गेले तर अण्णा मला माझ्या मेलेल्या आत्याच्या नावानं हाका मारायले, चालताना झोकांड्या. भावाला वाटायचं हळूहळू झालंय. मला माहीत होतं, पाडव्याला हाच माणूस माझ्याशी जमिनीच्या मोजणीवरून भांडला होता, फेरफार नंबरासकट. मी हट्ट धरून रक्त तपासायला लावलं, सोडियम ११९ निघालं, पाहिजे १३५ ते १४५. बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू, वरून कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ बंद, अन उन्हात घामाघूम. ॲडमिट केलं, डॉक्टरनी गोळी बदलली, आठवड्याभरात अण्णा पुन्हा फेरफारावर आले. (कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नका बरं, मी डॉक्टरनी केलं ते सांगायले.)

तेव्हा "जवळचा ठरवील" म्हणून मी गप्प बसले असते तर? एकाएकी भ्रमिष्ट झालं तर ते म्हातारपण नसतं, काहीतरी बिघडलेलं असतं, एवढं तरी लांबच्यानं ओरडून सांगायलाच पाहिजे.

मधली सून
मी जवळची. लातूर जिल्हा, गाव सांगत नाही, दीर-नणंदा वाचत असतील.

ताई तुमचं सोडियम खरं, पण त्या मे महिन्यात तुमच्या वडलांचं धोतर कोण बदलायलं होतं तेबी लिहा की. ओरडून सांगणारे लई असतात. आमच्याकडं धाकट्या दिरानं सासूबाईच्या खोलीत कॅमेरा बसवला, काळजी म्हणून. आता दुपारी फोन येतो, वहिनी आई पावणेतीनला उठली, चहा सव्वातीनला का दिला? अन वट्ट्यावर कोण बसलं होतं? म्हणजे नजर म्हातारीवर नाही, माझ्यावर. मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला तर घरात महाभारत.

येळवशीला (वेळ अमावस्येचा शेतातला सण) सगळे येतात, कोपीत (कडब्याच्या खोपटात) बसून भज्जी-आंबील हाणतात, आईच्या मांडीवर डोकं ठेवून फोटो काढतात, जाताना उंडे बांधून नेतात. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत, तिच्या मते तिची काळजी फक्त पुणेवाले करतात.

औसेकर भाऊ, तुमचा कागदपत्राचा विचार चांगलाय. पण कागद दिवसाला अर्धा तास. रात्री तीनदा बाथरूमला धरून नेणं ऑनलाईन होत नाही.

सरळ बोलतो
एवढं कशाला, आईबापाला सोबत घेऊन जा ना. नसेल जमत तर २००७ चा कायदा आहे, म्हातारी माणसं प्रांताकडं अर्ज करू शकतात, महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी लावता येते. बक्षीसपत्रात सांभाळायची अट लिहिलेली असली अन पाळली नाही तर दिलेली जमीनसुद्धा परत घेता येते. सगळे सरळ होतात.

गोदाकाठ
@सरळ बोलतो, मी नेलं होतं. आईला नांदेडहून पुण्याला, सातवा मजला. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर, आई लिफ्टला घाबरायची म्हणून दिवसभर घरात. शेजारी चांगले होते पण दार लावलेलंच. गावाकडं तिच्याकडं सकाळपासून कुणी ताक मागायला, कुणी नुसतं बसायला. चौथ्या महिन्यात तिनं जेवण कमी केलं, मी डॉक्टर बदलत बसलो, शेवटी बायकोच म्हणली गाडीत बसवा. परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी भाकरी खायली.

कायद्याचं म्हणाल तर अर्ज करणारा बाप मला अजून भेटायचाय. लेक जेवायला देत नाही तरी पावण्यासमोर "लेक लई करतो" म्हणणारी पिढी आहे ती. ज्यांच्यावर खरंच अन्याय होतोय त्यांनी जरूर वापरावा, नाहीतर १४५६७ या हेल्पलाईनला तरी फोन करावा, ती म्हाताऱ्या माणसांसाठीच आहे. पण लेक सरळ करायला प्रांतसाहेब, हे काही मला पटत नाही.

वट्ट्यावरचा म्हातारा
नातवाकडून टाईप करून घेतोय, चूकभूल माफ. वय ७६. किल्लारी भागातला, १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेल्या घरात राहतो. बायको गेली. एक लेक ठाण्याला, एक शेजारच्या गल्लीत.

तुम्ही सगळे भांडायलेत की निर्णय पुण्यानं घ्यायचा का गावानं. आम्ही काय बाजारात आणलेला बैल आहोत का, दोन्हीकडून दात मोजायला?

एक आतलं सांगतो. फोनवर "बरंय" म्हणतो ते निम्म्या वेळा खोटं असतं. श्रावणात रात्री संडासाला जाताना पडलो, कंबर काळी-निळी. ठाण्याच्याला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी तिकीट काढून नेईल म्हणून. जवळच्याला सांगितलं नाही, सून रात्री झोपणार नाही म्हणून. औषधाच्या दुकानवाल्याला सांगितलं, कारण तो कुठं नेत नाही. त्यानंच रात्रभर जळणारा बारका लाईट आणून लावला अन चप्पल बदल म्हणला. ७५ पूर्ण झाल्यापासून एसटी फुकट आहे, लातूरला एकटा जातो, डॉक्टरला दाखवून येतो. एवढं चालतंय तोवर चालू द्या. तुम्ही ऐकून घेऊन लगेच काही करणार नाही असा भरवसा बसला तर आम्ही खरं सांगू.

परभणीची लेक
आजोबा, वाचून गप्प झाले. पण तुम्ही पडलेलं लपवता म्हणूनच आम्ही ओरडतो ना. खुब्याचं हाड मोडलं असतं म्हणजे? दुकानवाला रात्री दोनला उघडा असतो का? माझं मत बदललं नाही, फक्त आता अण्णांना आधी "घेऊन जाणार नाही" सांगून मग विचारीन.

औसेकर
आजोबांमुळं माझ्याच धाग्यातली चूक मला दिसली. मी निर्णय दादाला देऊन टाकला अन त्यात मोठेपणा वाटून घेतला, बापूंना विचारलंच नव्हतं. काल विचारलं, बापू पुण्याला येता का, राहायला नाही, नुसतं फिरायला. तिकडं बराच वेळ आवाज नाही, मग म्हणले, "तुझ्या वहिनीला विचार, तिला माहेरला जायचंय कधीपासून."

हे मला माहीतच नव्हतं. परभणीच्या ताईंचं एवढं मान्य की दिसलं तर सांगायचं, पण घेऊन जायला स्वतः गाडी काढायची. बापूंना पंधरा दिवस इकडं आणायचं ठरवतोय, कधीतरी थंडी कमी झाली की.

मधली सून
तारीख टाका भाऊ. "कधीतरी" मी चौदा वर्षं ऐकायले.