निराश झालेला माणूस विश्वासी नसतो म्हणे!

अंजिराचं झाड

परवा 'जयघोष' यांनी आपल्या या ख्रिस्ती गटावर एक पोस्ट टाकली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निराशा सैतानाकडून येते. विश्वासणाऱ्याच्या तोंडी कुरकुर शोभत नाही. आणि ज्याला उपासनेत आनंद वाटेनासा झालाय, त्याने आपल्या आयुष्यात कुठलं पाप दडलंय ते आधी शोधावं. खाली नुसती आमेनची रांग.

मला आमेन म्हणता आलं नाही. माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलवटते. वाचा गेली आहे, पण ऐकू सगळं येतं. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून बायबलमधली स्तोत्रं वाचतो. स्तुतीची स्तोत्रं ते डोळे मिटून ऐकतात. एकदा 13वं निघालं. पहिल्या दोनच ओव्यांत चारदा 'कोठवर' येतं. तेवढं वाचून मी पान उलटायला गेलो, तर त्यांनी चालता हात माझ्या मनगटावर दाबून धरला. पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. उभं आयुष्य मंडळीची, म्हणजे चर्चची, सेवा केलेला हा माणूस. आता त्यांना म्हणू, बाबा, तुमचं पाप शोधा?

ज्या शास्त्राचा, बायबलचा, आधार घेऊन आपण लोकांना गप्प करतो, त्याच शास्त्रात 88वं स्तोत्र आहे. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते कोणी गाळलं नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता पुरे' म्हणाला, मरण मागितलं. देवदूताने त्याला पाप विचारलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. आणि वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आलं ते 22वं स्तोत्र, 'माझा त्याग का केलास'. त्या क्षणी प्रभूचा विश्वास कमी पडला होता का? माझ्या मते देवापुढे जाऊन रडणं हाच विश्वास आहे. ज्याने देवाला सोडलं, तो त्याच्याकडे तक्रार घेऊन जात नाही.

जयघोष

प्रभूमध्ये सलाम. माझ्या पोस्टचा अर्धाच भाग इथे आला आहे. वडिलांसाठी प्रार्थना करतो, मनापासून. पण एक विचारतो. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं. मध्यरात्री ते काय करत होते? स्तोत्रं गात होते. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हेही बेड्यांतूनच लिहिलेलं आहे. ही आज्ञा आहे, मनाला येईल तेव्हा करायची गोष्ट नव्हे.

आणि सगळं गमावून देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबाचं नाव निघेलच, म्हणून आधीच सांगतो. परमेश्वराने त्याला चार अध्याय सुनावलं, 38 ते 41. ते ऐकताना ईयोबाने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तेवढं सगळे विसरतात.

रात्रपाळी

जयघोष भाऊ, चार अध्यायांनंतरचं 42:7 पण वाचा. देवाचा कोप सांत्वनाला आलेल्या मित्रांवर झाला, ईयोबावर नाही. मित्र तर देवाचीच बाजू घेत होते! 'तुझं काहीतरी चुकलं असेल' एवढंच त्यांचं म्हणणं. तुमच्या पोस्टमध्ये तेच वाक्य आहे. आणि त्या मित्रांची सुटका झाली कधी? ज्याला दोष दिला त्याच ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा.

मी रुग्णसेवेत आहे. विश्वासी घरातले पेशंट बघते. भेटायला आलेले लोक प्रार्थना करतात, 'विश्वास ठेवा, बरे व्हाल' म्हणतात आणि जातात. ते गेल्यावर पेशंट मला हळूच विचारतो, 'सिस्टर, माझा विश्वास कमी आहे का हो?' दुखणं आधीच असतं. वर हा दुसरा भार तुम्ही लोक ठेवून जाता.

मार्था

मला वेगळंच बोलायचंय. या सगळ्याचं मूळ आपल्या मंडळ्यांतल्या साक्षीच्या वेळेत आहे, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायच्या वेळेत. माईक कोणाला मिळतो ते बघा. नोकरी लागली, साक्ष. व्हिसा आला, साक्ष. ऑपरेशन नीट झालं, साक्ष. ज्याची नोकरी गेली आणि परत लागलीच नाही तो कुठे बसतो? शेवटच्या बाकावर. हळूहळू यायचा बंद होतो. मग आपण म्हणतो, थंड पडला.

मोहरी

मार्थाताई, शंभर टक्के. आमच्याकडे तर साक्ष आधी लिहून मागतात.

दुसरं बाक

लिहून मागतात ती मीच. म्हणजे तुमच्या मंडळीतली नाही, पण आमच्याकडे साक्षीची वेळ मी चालवते, म्हणून राहवलं नाही. दुरून बोलणं सोपं आहे. आम्ही मोकळा माईक ठेवून पाहिलाय. एका भगिनीने सासूचं सगळं गाऱ्हाणं मंडळीसमोर मांडलं, आणि सासू तिसऱ्या रांगेत बसलेली. एका बंधूने भावाबरोबरच्या जमिनीच्या भांडणाची पूर्ण हकिकत सांगितली. लहान मुलं बसलेली असतात. पाळकसाहेब घड्याळ बघतात. त्यानंतर लिहून मागायला लागलो. यात कोणाला गप्प करायचा हेतू कुठून आला?

मार्था

हेतू नसेल, परिणाम तोच होतो. लिहून दिलेल्यातलं काय निवडलं जातं ते सांगा ना. 'अजून उत्तर मिळालेलं नाही' असं लिहिलेली साक्ष तुम्ही कधी पुढे पाठवली आहे?

दुसरं बाक

तशी कोणी लिहून देतच नाही.

मार्था

का देत नाहीत, हाच तर धागा आहे!

मोहरी

ताई, मी दिली होती. आमच्याकडे. मूल होत नाही, पुष्कळ वर्षं झाली, तरी आम्ही दोघं प्रभूला धरून आहोत, एवढंच लिहिलं होतं. निरोप आला की 'उत्तर मिळाल्यावर साक्ष द्या, मंडळीला उभारी येईल.' मिस्टरांनी तो कागद परत आणला आणि काही न बोलता शास्त्रात ठेवून दिला. मंडळी सोडली नाही आम्ही. पण साक्षीची वेळ आली की मी बाहेर जाऊन चपलांपाशी उभी राहते.

थोमा

मी सोडली. मंडळी पण आणि बाकी पण. म्हणून मला इथे लिहायचा हक्क नाही असं कोणी म्हणू नका, संडे स्कूलपासून तुमच्याच बाकावर वाढलोय.

अंजिराचं झाड, तुमचं म्हणणं ऐकायला चांगलं आहे, पण त्यात पळवाट आहे. आनंदी असेल तर विश्वास, रडला तरी विश्वास, भांडला तरी विश्वास. मग विश्वास नाही असं कधी म्हणायचं? माझी बहीण गेली तेव्हा मी पण रडलो, विचारलं, भांडलो. पलीकडून काही आलं नाही. तुम्ही म्हणाल थांबायला हवं होतं. किती?

अंजिराचं झाड

थोमा, हक्क पूर्ण आहे. किती थांबायचं याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि खोटं उत्तर मी देणार नाही. पळवाट मात्र मला मान्य नाही. मी 'काहीही केलं तरी विश्वासच' असं म्हणत नाही. रडताना तोंड कोणाकडे आहे, एवढंच बघतो. 88व्या स्तोत्राचा कर्ता रोज सकाळी हाक मारतोय, पलीकडून उत्तर नाही, तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा हाक. तुम्ही हाक मारायची थांबवलीत. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. बहीण गेल्यावर मंडळीतलं कोण तुमच्याजवळ येऊन बसलं होतं, ते मात्र विचारावंसं वाटतं.

थोमा

आले होते. 'देवाला ती जास्त आवडली म्हणून नेली' असं सांगून गेले. आई त्यानंतर दार उघडेना.

रात्रपाळी

असं म्हणणाऱ्यांना रोम 12:15 पाठ असतं, 'शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.' तिथे स्पष्टीकरण द्या असं कुठे लिहिलंय? लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. काही क्षणांत त्याला मेलेल्यांतून उठवणार हे माहीत असून रडला.

जयघोष

तुम्ही सगळे मला दगडाचा समजताय, म्हणून आता माझं सांगतो. मी कधी लिहीत नाही हे.

माझी पत्नी गेली तेव्हा मुलं शाळेत जाणारी होती. मी वर्षभर तुमच्यासारखाच रडलो. देवाला विचारलं, भांडलो, रात्ररात्र जागलो. त्याने मी वर आलो नाही, खाली गेलो. मुलं माझं तोंड बघून घाबरायची. एक दिवस मुलीने विचारलं, 'पप्पा, तुम्ही पण जाणार का?' त्या दिवशी ठरवलं, सकाळी उठून आधी एक स्तुतिगीत मोठ्याने म्हणायचं. मन नसताना. गळा दाटला तरी. मुलं शेजारी उभी राहून म्हणायची. आनंद नंतर आला, आधी नाही. यहोशाफाट राजाने सैन्यापुढे गाणारे पाठवले होते, ते लढाई जिंकल्यावर नव्हे, आधी. तुम्ही 'रडा, रडा' म्हणता तेव्हा मला ते वर्ष आठवतं. माझ्यासारखा कोणी हे वाचून त्याच खड्ड्यात बसून राहिला तर जबाबदार कोण?

अंजिराचं झाड

जयघोष भाऊ, हेच तुम्ही पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. गळा दाटलेला असताना म्हटलेलं गीत मला पटतं. ते गीतसुद्धा विलापच आहे, तुम्ही नाव काही द्या. पण तुमच्या पोस्टमध्ये ते वर्ष नव्हतं. फक्त शेवट होता, आणि दुसऱ्याच्या पापाची चौकशी.

जयघोष

पापाबद्दलचं वाक्य कडक झालं असेल. पण पाप हे कारण कधीच नसतं, असं म्हणणंही शास्त्राला धरून नाही. दाविद राजाचं, पापाच्या कबुलीचं 51वं स्तोत्र आहे.

रात्रपाळी

आहे. पण दाविदाला स्वतःचं पाप माहीत होतं, आणि नाथान संदेष्टा थेट त्याच्या घरी जाऊन बोलला. सरसकट पोस्ट टाकली नाही. जन्मांधाबद्दल शिष्यांनी 'पाप कोणाचं, याचं की आईबापांचं' विचारलं, तेव्हा प्रभूने दोन्ही नाही म्हटलं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही 'ते इतरांहून जास्त पापी होते असं समजू नका' हेच सांगितलं.

जयघोष

त्याच ठिकाणी पुढे 'पश्चात्ताप करा' पण सांगितलंय. लूक 13. पूर्ण वाचा.

रात्रपाळी

उभे राहून ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगितलंय. बुरुजाखाली सापडलेल्यांच्या घरच्यांना नाही.

वाचनालय

उशिरा येतोय. 'मोठे विश्वासी कधी खचत नाहीत' असा सूर दिसला म्हणून लिहितो. इंग्लंडचे प्रवचनकार स्पर्जन यांचं नाव इथे सगळेच घेतात. 1856 मध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी खोटंच 'आग' ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्या रात्रीचा घाव आणि खिन्नतेचे झटके त्यांना जन्मभर पुरले, आणि त्यांनी ते लपवलं नाही, विद्यार्थ्यांपुढे उघड बोलले. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा कळलं की आत अनेक दशकं कोरड होती. बाहेर सेवा चालूच होती. पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. त्याआधी दुष्काळात आईवडील, मग भाऊ, मग नवरा. तरी शास्त्राच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. यांतल्या कोणाला तुम्ही विश्वासात कमी म्हणाल?

थोमा

वाचनालय, मोठ्यांची नावं ठीक आहेत. ज्यांच्या हातून काही मोठं झालं त्यांच्या खचण्याला किंमत येते. माझ्या आईच्या हातून काही झालं नाही. ती फक्त खचली.

मार्था

थोमा भाऊ, म्हणूनच म्हणते माईक. तुमच्या आईला कोणी विचारायला हवं होतं. विश्वासणाऱ्यांची यादी असलेला इब्री 11 आपण अर्धाच वाचतो, सिंहांची तोंडं बंद झाली तिथपर्यंत. 35व्या ओवीच्या मध्यावर सूर पालटतो. मग करवतीने चिरलेले, मेंढ्यांची कातडी पांघरून फिरणारे. आणि शेवटी काय, तर त्यांना वचन मिळालं नाही. तरी त्याच यादीत आहेत. नावं सुद्धा नाहीत त्यांची.

थोमा

ही यादी मला संडे स्कूलमध्ये कोणी पूर्ण वाचून दाखवली नव्हती, एवढं मान्य. त्याने मी परत येईन असं समजू नका.

दुसरं बाक

कालपासून मोहरीचं ते चपलांपाशी उभं राहणं डोक्यातून जात नाहीये. मी आमच्या पाळकसाहेबांशी बोलले. महिन्यातून एका रविवारी 'अजून वाट पाहतोय' अशांसाठी वेळ ठेवू म्हणाले. पण अटी माझ्या: लिहून द्यायचं, पाच मिनिटं, घरच्यांची नावं घ्यायची नाहीत. आणि कोणी साक्ष दिल्यावर उठून त्याला उपदेश करायचा नाही, नुसती प्रार्थना. मार्थाताई, आता तरी समाधान?

मार्था

अर्धं. लिहून घेण्याची अट मला अजून पटत नाही. शेवटची अट मात्र सगळ्या मंडळ्यांनी भिंतीवर लावावी.

जयघोष

अशा रविवारी शेवटी एक स्तुतिगीत असायलाच हवं. त्यावर मी तडजोड करणार नाही.

मोहरी

असू द्या भाऊ. पण ज्याला त्या दिवशी म्हणता येणार नाही त्याला उभं करू नका. बाकीचे म्हणतील त्याच्यासाठी.

जयघोष

उभं करणार नाही.