सोळा ते बावीस ह्या वयात तुमची माणसं कोण होती? (अनुभव धागा)

चौथा_मजला
भाचा एफवायला आहे, एनएसएस घेतलंय. वर्षाला १२० तास समाजसेवा, दोन वर्षांत २४०, डायरीत सह्या घ्यायच्या. काल मला विचारतो, "मामा, सोसायटीच्या गणपतीला खुर्च्या लावल्या तर ते तास धरतात का रे?" हसलो आधी. मग रात्रभर चाळच डोक्यात.

आम्ही वरळीचे बीडीडीवाले. १६० चौरस फुटांची खोली आणि आत सात माणसं, त्यामुळे मी राहायचो खरं तर गॅलरीत, घरी फक्त जेवायला जायचो. गणपतीत रात्री मंडपात जागायला पोरं लागायची. ते दहा दिवस घरून कोणी "झोपायला ये" म्हणायचं नाही, आणि त्या वयात ह्यापेक्षा मोठं स्वातंत्र्य नव्हतं. पत्ते, कॅरम, पहाटे कोणाच्या तरी घरून चहाची किटली. आमचे खजिनदार दादा गिरणीतून सुटलेले (८२चा संप), बोलायचे कमी. वर्गणीची पावतीपुस्तकं माझ्यासमोर टाकायची आणि म्हणायचं, "टोटल मार." बेरीज रोखीशी जुळेपर्यंत कोणी उठायचं नाही, रुपया कमी आला तरी पुन्हा पहिल्या पावतीपासून. बारावीत माझ्या गणिताची काय अवस्था होती हे अख्ख्या चाळीला माहीत होतं, तरी वही माझ्याकडेच. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता तिथे टॉवर, ५०० चौरस फूट. आईला संडास घरात आला ह्याचा आनंद इतका आहे की तिच्यासमोर चाळीच्या आठवणी काढायची सोय नाही.

तर लिहा. चाळ, पथक, हॉस्टेल, शाखा, क्लब, टपरी, काहीही. गोडच लिहा असं नाही.

पोळीभाजी_एक्स्प्रेस
ट्रेनमधूनच टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. माझी माणसं म्हणजे डोंबिवलीची ८ वाजून काहीतरीची लेडीज. एकोणिसाव्या वर्षी पहिली नोकरी, पहिल्या आठवड्यात दारातच लटकत गेले, कोणी आत घेईना, मग एका मावशींनी विचारलं, "रोजची का तू?" हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून ठाण्यानंतर चौथी सीट माझी. मटार सोलायला हातात द्यायच्या, फुकट नाही बसवायचं ☺ दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवायचा, आरती, पेढे. एकदा तापाने दोन दिवस गेले नाही तर घरच्या लँडलाइनवर फोन, आई घाबरली, कोण ह्या बायका. माझ्या लग्नाच्या याद्या त्या डब्यात झाल्यात. मुलुंड आलं, ब

चौथा_मजला
"मुलुंड आलं, ब" 😂😂

टिपरू
पुणे, नदीपात्र. पथक. मुलगी ढोल वाजवणार म्हटल्यावर आजी म्हणाली होती पोट दुखेल. पोट नाही दुखलं, कंबर दुखली. पहिल्या सरावाला ढोल कमरेला बांधला आणि मी पुढे न जाता मागेच जायला लागले. बोटांना चिकटपट्ट्या, त्यांच्यावर परत चिकटपट्ट्या, आणि ऑफिसमध्ये कीबोर्डवर सगळं चिकट. आमच्यात एक सीए, एक रिक्षावाला दादा, दोन डेंटिस्ट आणि बारावीची चारपाच पोरं, आडनावं मला अजून सगळ्यांची माहीत नाहीत. ढोलाचं पान फुटलं की कोणीही कोणाचाही ढोल सोडायला बसतं, दोऱ्या काढून नवं पान चढवून परत ताण देईपर्यंत हात सोलवटतात, आणि तेव्हाच काय त्या गप्पा होतात. वाजवताना कसल्या गप्पा, ऐकूच येत नाही.

हां, नदीकाठी राहणाऱ्यांना आमचा दोन महिने भयंकर त्रास होतो, मान्य आहे, ह्या धाग्यावर तो वाद नको.

म्हात्रे_पुलाजवळ
वाद नको म्हणजे? आम्ही खिडक्या बंद करून ऑगस्ट काढतो. माझीही माणसं आहेत, ती सगळी कानात कापूस घालून बसलेली असतात.

टिपरू
काका, या एकदा सरावाला, ताशा देते हातात.

म्हात्रे_पुलाजवळ
येतोही. गुडघे ठीक झाले की.

खालचीवाडी
आमचं गुहागर साइडचं. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा वाडीतल्या प्रत्येक पोराला काम असतं, आणि ते कोणी वाटून देत नाही. बाप ज्या खांद्याला असायचा त्याच्या मागे उभं राहायचं, एखाद्या वर्षी तो बाजूला होतो आणि म्हणतो घे. झालं. पालखी नाचवताना खांदा दुसऱ्या दिवशी काळानिळा. मी तेव्हा मुंबईला कुरियरमध्ये होतो, रजा मिळेना तर नोकरी सोडून आलो होतो, असे आमच्याकडे दर घरी एक तरी. चाकरमानी म्हणून हसता ना लोक, पण वर्षभर तुम्हाला कोणी नावानेसुद्धा हाक मारत नाही आणि इथे देवासमोर गाऱ्हाण्यात तुमच्या घराचं नाव घेतात.

नाव_नको
गोडच लिहा असं नाही म्हणालात म्हणून लिहितेय. आमचंही कोकणच, रायगड. वडिलांनी जमिनीच्या भानगडीत गावकीचं ऐकलं नाही, आम्हाला वाळीत टाकलं. मी सतरा वर्षांची. दुकानदार पीठ देईना, विहिरीवर बायका पाठ करायच्या, आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला मामाकडची माणसं तालुक्याहून आली. पालखी आमच्या शेजारच्या घरी थांबायची, नाचायची, आणि आमच्या दारावरून सरळ पुढे. मी खिडकीतून बघायचे आणि लाज वाटते सांगायला, पण ढोलाचा आवाज आला की पाय हलायचेच.

२०१६ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्या वेळी असं काही नव्हतं. असता तरी वडिलांनी तक्रार केली असती असं वाटत नाही, "माणसं आपलीच आहेत" म्हणायचे.
माझी एक मैत्रीण मात्र कॉलेजच्या एसटीत बाजूला बसायची, गावात ओळख दाखवायची नाही. तिला तेवढंच जमत होतं, आणि मला ते चाललं.

खालचीवाडी
ताई, वाचलं. आमच्याही गावात एक घर होतं तसं. काय लिहू कळत नाही.

पोळीभाजी_एक्स्प्रेस
🙏 (भायखळ्याला परत नेटवर्क आलं)

संत्रानगरी
नागपूर. आमच्या वस्तीत विहारात वर अभ्यासाची खोली होती, रात्री अकराला दिवा बंद करायची जबाबदारी माझी नं, किल्ली माझ्या खिशात, केवढा रुबाब. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पाणीवाटपाला उभे राहायचो. कुठून कुठून लोक येतात, पायात चप्पल नसलेली म्हातारी माणसं आणि पिशवीत पुस्तकं. एक बाई, वाचता येत नाही म्हणाल्या, नातीसाठी पुस्तक घेतलं होतं, मला म्हणाल्या पोरा पहिलं पान वाचून दाखव, बरोबरच दिलंय नं बघ. पाण्याची लाइन थांबली, मागचे ओरडताहेत आणि मी वाचतोय. आज मी शिकवतो त्याचं कारण ती बाई आहे असं काही नाही हां, बीएडला नंबर लागला म्हणून शिकवतो. पण आठवते.

बे_एरिया_आई
तासांवरून आठवलं, इथे अमेरिकेतही हायस्कूलच्या पोरांना कॉलेजच्या अर्जासाठी तेच, व्हॉलंटियरिंगचे तास. लेक रविवारच्या मराठी शाळेत छोट्यांना शिकवते. सुरुवात तासांसाठीच. आता कॉलेजात ॲडमिशन झाली, तास नकोत, तरी जाते. विचारलं तर म्हणते, "तिथे माझं नाव कोणी चुकीचं म्हणत नाही." तिचं नाव मृण्मयी आहे, आम्हीच जरा विचार करायला हवा होता.

चौथा_मजला
मृण्मयी तर महाराष्ट्रातही निम्मे लोक चुकवतात.

शून्य_पाच
सगळे काका मावशी भूतकाळात आहेत, तर मी १९, चालू वर्तमानकाळ. आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये बोर्ड आहे, "पार्किंगमध्ये खेळू नये, लॉबीत बसू नये, गच्चीवर जाऊ नये." मग आम्ही म्हणे सारखे फोनवर! माझी माणसं ऑनलाइन आहेत. गेममधून ओळख, सांगली, भोपाळ, एक कोचीचा. बाबांचं ऑपरेशन झालं त्या रात्री चौघं पहाटेपर्यंत व्हॉइस कॉलवर होती, कोणी काही बोलत नव्हतं, आपापला अभ्यास करत होते, भोपाळवाला तर घोरत होता. हे तुमच्या मंडपातल्या जागरणापेक्षा वेगळं काय आहे सांगा. फक्त डबा आणून देता येत नाही हे खरं. डबा तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी आणला, ज्यांना मी त्याआधी कधी हाय पण केलं नव्हतं.

पोळीभाजी_एक्स्प्रेस
बाबा कसे आहेत आता?

शून्य_पाच
मस्त. काकूंशी राजकारणावर भांडतात रोज.

बांधकाम_विभाग
एनएसएसला नावं ठेवू नका हो. आमचं सात दिवसांचं कॅम्प, सातारा जिल्हा, ओढ्यावर वनराई बंधारा. रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, एकावर एक सांधे चुकवून रचायची. पहिल्या रात्री रांग रचली आणि सकाळी अर्धी पोती गायब, गावातल्या आजोबांनी हसून सांगितलं, पोरांनो प्रवाहाला आडवं रचा, तुम्ही भिंत तिरकी नेलीय. मग ते स्वतःच पाण्यात उतरले. शहरातली आम्ही पोरं, कोण कुठल्या कॉलेजचं, पोतं पास करता करता जी गाणी म्हटली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. भाच्याला सांगा, खुर्च्यांचे तास बहुतेक धरणार नाहीत, प्रोग्राम ऑफिसरला विचारून घे म्हणावं आधी.

म्हात्रे_पुलाजवळ
पोती सिमेंटची चालतात का? आमच्या गावी ओढा आहे, पुतण्या मागे लागलाय.

बांधकाम_विभाग
चालतात, खताचीपण चालतात, फक्त फाटकी नको. शिवायला सुतळी आणि दाभण न्या, गावात ऐनवेळी मिळत नाही. आणि पावसाळा संपता संपता करा, ओढा वाहता असतो तोवर. नंतर अडवायला पाणीच उरत नाही.

टिपरू
काका, आधी ताशा. मग ओढा.